आईचं कागदावरचं नाव

माझ्या आईचं नाव मला वयाच्या सतराव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ती मला आई होती, बाबांना 'अगं' होती, हॉस्पिटलातल्या पेशंटांना सिस्टर होती आणि रेशनकार्डावर सौ. सुमती वसंत जगदाळे होती. एका बाईला एवढी नावं पुरेत असं मला वाटायचं. आणखी एक निघालं ते ट्रंकेच्या तळातून, आणि तेही मस्कतच्या व्हिसासाठी कागद गोळा करताना. आता माझी नात फोनवर बोट फिरवून व्हिसाचे फॉर्म भरते. परवा तिनं भरता भरता विचारलं, आजी, पणजीचं नाव काय गं? मी सांगितलं. ती म्हणाली, असलं कसलं नाव? मग मी तिला फोन बाजूला ठेवायला लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. इथंही तेच करते आहे.

आमच्या दोन खोल्या सदाशिव पेठेत एका छापखान्याच्या डोक्यावर होत्या. खाली मशीन सुरू झालं की आमच्या फडताळातली पितळी भांडी वाजायला लागायची, आणि दुपारी वीज गेली की त्या अचानक शांततेनं मी पुस्तकातून मान वर करायचे. बाबा त्याच छापखान्यात प्रुफं तपासायचे. नोकरी खाली आणि घर वर, पण त्यांचं काम जिना चढून वर यायचंच. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, दूधवाल्याची चिठ्ठी, त्यांच्या तावडीतून काही म्हणता काही सुटत नसे. एकदा एका नातलगांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तर बाबांनी ती लाल शाईनं दुरुस्त करून परत केली आणि खाली लिहिलं, 'लग्नास येतो. मात्र छापलेले "आशिर्वाद" वधूवरांस लागणार नाहीत, "आशीर्वाद" करून घ्यावे.' त्या घरी आम्हाला पुन्हा कधी कुणी जेवायला बोलावलं नाही.

आईची तऱ्हा याच्या अगदी उलट. तिला चूक दिसली की ती बोलायची नाही, निस्तरून मोकळी व्हायची. ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती. सकाळची ड्युटी असली की उजाडायच्या आत प्रायमसचा पंप ऐकू यायचा. भाकऱ्या थापता थापता ती तव्याच्या कडेला लसूण नि सुकं खोबरं भाजून घ्यायची, पाट्यावर चटणी वाटायची, आणि तिच्या ठसक्यानं बाबा नि मी खोकत उठायचो. आमच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं ते त्यामुळं. मग ती खिडकीत बसून पांढऱ्या बुटांना ओला खडू लावायची, आणि तो वाळेपर्यंत उभ्या उभ्या चहा प्यायची. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर मंडईत जायचे. घासाघीस तिला जमायची नाही. गवारीच्या ढिगाकडं ती फक्त एकदा वॉर्डातल्या नजरेनं बघायची, आणि भाजीवाली आपण होऊन म्हणायची, थांबा ताई, तुम्हाला आतली देते. त्या नजरेचा मला भारी अभिमान होता. आजही आहे.

मी कॉलेजात गेले त्याच वर्षी बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आहे ती नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी टेबलावरचा दिवा वीतभर खाली ओढला आणि पुढचं प्रुफ घेतलं. त्याच सुमारास वर्तमानपत्रात मस्कतच्या एका हॉस्पिटलची जाहिरात आली. आईनं ती कापून हळदीच्या डब्याखाली ठेवली. आठवडाभर ती तिथंच होती, मी रोज बघत होते. मग एका रविवारी जेवताना ती म्हणाली की मुलाखतीला मुंबईला जाऊन येते. बाबांनी विचारलं, माझ्या डोळ्यांपायी का? आई म्हणाली, "तुमचे डोळे धडधाकट असते तरी गेले असते." इतकं सरळ उत्तर आमच्या घरात एरवी कुणी देत नसे. पण खरं होतं ते. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली तिच्या वर जाऊन बसल्या होत्या. मस्कतला नवं कोरं थिएटर उभं राहत होतं आणि ते पहिल्यापासून लावून देणारी बाई त्यांना हवी होती. पोट भरायला जाणं वेगळं आणि आपलं काम मनासारखं करायला मिळावं म्हणून जाणं वेगळं. आई या दुसऱ्या कारणासाठी निघाली होती, आणि ते कबूल करायला ती लाजली नाही.

मुलाखत एका हॉटेलात झाली. पोटाच्या ऑपरेशनला हत्यारं कशी मांडाल, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. आईचं इंग्रजी बेताचं. तिनं शेजारच्या टेबलावरचे चमचे, काटे, सुऱ्या उचलून आणल्या, नॅपकिन पसरला आणि सगळी मांडणी करून दाखवली. चिमटे कमी पडले तेव्हा साखरेच्या भांड्यातला चिमटा घेतला. हे तिनं घरी आल्यावर अगदी सहज सांगितलं, भाजी काय करायची त्या सुरात. मी मात्र ते माझ्या सगळ्या मैत्रिणींना दोनदोनदा सांगून आले.

तिची निवड झाली. घाईनं पासपोर्ट काढला तो रेशनकार्डावरून, सुमती वसंत जगदाळे या नावानं. मग नेमणुकीचं पत्र आलं. व्हिसाचे सगळे कागद महिन्याच्या आत कॅम्पातल्या एजंटाकडं पोचले पाहिजेत, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात इंग्रजी अक्षर त्यातल्या त्यात माझं बरं. एका संध्याकाळी मी ट्रंकेवरच फॉर्म पसरून बसले होते. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या करत होती, बाबा कागद डोळ्यांशी धरून मजकूर तपासत होते. नर्सिंगचं सर्टिफिकेट जोडा, असं फॉर्ममध्ये होतं. आई म्हणाली, ट्रंकेत बघ, शालूच्या खाली. मी बघितलं. जाड कागद, लाल शिक्का, आणि इंग्रजीत टाईप केलेलं नाव : नकुसा धोंडिबा शिंदे. परीक्षेत प्रथम क्रमांक.

मी म्हटलं, आई, तुझ्याकडं दुसऱ्याच कुणाचं तरी सर्टिफिकेट आलंय. कुणी नकुसा म्हणून आहे. ई, काय नाव आहे! आणि मी चांगली खळखळून हसले. बाबांनी चष्मा काढला. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत वाट पाहिली, खाली उतरवली. "ती मीच," ती म्हणाली.

पुण्यातल्या आजच्या मुलींना सांगावं लागेल म्हणून सांगते. घरात मुलीवर मुली झाल्या की तिसरीचं किंवा चौथीचं नाव नकुसा ठेवायचे. नको असलेली ती नकुसा. देवाला निरोप कळावा आणि पुढच्या खेपेला मुलगा व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू. आई सातारच्या बाजूच्या गावातली तिसरी मुलगी. तिच्या पाठीवर खरोखर मुलगा झाला, आणि नावाला गुण आला म्हणून घरात तिचं जे काय कौतुक झालं ते तेवढंच. तिच्या लग्नाची कुणाला घाई नव्हती, म्हणून ती शाळेत राहिली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मागं मागं फिरत राहिली, आणि त्यांनीच तिला पुण्याला नर्सिंगला आणून घातलं. नको होती म्हणून सुटली, असं ती पुढं हसत म्हणायची. मला त्यावर हसता आलं नाही कधी.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत. एरवी मला त्या रीतीची चीड आहे. चांगलं वीस वर्षं वापरलेलं नाव पुसून भलतंच गळ्यात घालायचं म्हणजे काय! पण बाबांनी बघण्याच्या कार्यक्रमात तिचं नाव ऐकलं, चकार शब्द काढला नाही, आणि लग्नात तांदळात 'सुमती' लिहिलं. नंतर मला म्हणाले, आयुष्यात लाखभर दुरुस्त्या केल्या असतील, पण मनापासून केलेली ती एकच. त्या दिवसापासून घरात ते जुनं नाव कुणी काढलं नव्हतं. काढलं ते मी, आणि वर 'ई' म्हणून. आई जेवायला वाढत होती. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि तेवढाही धीर होत नव्हता. तिनंच चटणी वाढता वाढता माझ्या डोक्यात टपली मारली आणि फॉर्मवर तेल सांडू नकोस म्हणाली.

एजंटानं फाईल परत केली. माणूस वाईट नव्हता, उलट फारच गोड होता. म्हणाला, बाई, माझ्यापुढं दोन बायका आहेत. जिच्याकडं पासपोर्ट आहे ती नर्स नाही, आणि जी नर्स आहे तिच्याकडं पासपोर्ट नाही. या दोघी एकच आहेत असं आईनं नाहीतर वडिलांनी कोर्टात शपथेवर सांगायचं, त्यावरून पासपोर्टात 'उर्फ' अशी नोंद करून घ्यायची, मग पुढचं बघू. इतकं बोलून तो खुर्चीत पुढं सरकला आणि म्हणाला की शपथ घ्यायचीच आहे, तर त्यातच नावाचीही सोय करता येईल. ट्रेनिंग स्कूलच्या टायपिस्टानं चूक केली असं लिहून द्या. मूळ नाव निशा होतं, त्याचं नकुसा झालं. बाईमाणसाला असलं नाव घेऊन परदेशात कशाला जायचं?

बाबांना ते एकदम पटलं. घरी येताना बसमध्ये ते निशाच म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, छापलेला मजकूर बरोबर असताना तो चुकीचा आहे असं शपथेवर सांगायला निघाला होता, आणि तेसुद्धा बायकोच्या प्रेमापायी. मी त्यांच्याच बाजूची होते. पेठेत कुणाला कळलं तर काय, कॉलेजात कळलं तर काय, हेच माझ्या डोक्यात. आईनं दोघांचंही सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "त्या कागदात एकही चूक नाही. पहिली आली ती नकुसा. रक्त बघून चक्कर येत असताना वॉर्डात उभी राहिली ती नकुसा. तिला मी खोटी पाडायची?" बाबांनी निशाचं नाव टाकलं. मी त्यांना वादात हरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा गावाहून आबांना बोलावणं गेलं. आबा म्हणजे आईचे वडील. आजी कधीच गेली होती, त्यामुळे शपथ घ्यायला तेच. एसटीनं आले, पिशवीभर ओल्या शेंगा आणि घेवडा घेऊन. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पटका. आमच्याकडं आले की ते नेहमी उंबऱ्याजवळच बसायचे, कितीही म्हटलं तरी आत पाटावर यायचे नाहीत. कशासाठी बोलावलंय ते त्यांना पत्रात कळवलं होतं. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, शेंगा उकडल्या त्या आम्हाला सोलून दिल्या. आईला हाक मारायची तर 'बाय' म्हणायचे. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की या माणसानं आईला नावानं हाक मारलेली मी एकदाही ऐकलेली नाही. नव्याही नाही आणि जुन्याही नाही.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरच्या कोर्टात गेलो. आवारात झाडाखाली टायपिस्ट बसलेले असत, त्यांच्यातल्या एकाकडून प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतलं आणि आत रांगेत उभे राहिलो. साहेबांपुढं जायच्या आधी कारकून सगळ्यांना विचारून खात्री करून घेत होता. आमचा नंबर लागला. त्यानं आबांना विचारलं, मुलीचं जन्माचं नाव काय? आबा आपल्या वहाणांकडं बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, "सुमती."

कारकून अस्सल पुणेकर होता. आजोबा, म्हणाला, सुमतीची सुमतीच झाली असेल तर आपण सगळे इथं कशासाठी जमलोय? रांगेतली माणसं हसली. त्यानं कागद आमच्याकडं सरकवला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर या, तोवर आठवून ठेवा, म्हणाला. बाबांचा चेहरा पडला. पासपोर्टाची नोंद, व्हिसाचे कागद, सगळं त्या एका शब्दापाशी अडलं होतं, आणि महिन्यातले आठच दिवस हातात राहिले होते.

आवारात एका चिंचेखाली आम्ही बसलो. आईनं डबा उघडला. आबांच्या हातात तिनं भाकरी दिली, वर चटणी ठेवली, आणि ते पुरं जेवेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते. आबा पाणी प्याले, त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "जिभंवर येत न्हाई गं, बाय. तुझ्यासमूर तर न्हाईच येत."

आई म्हणाली, "आबा, मी चिडले होते. पुष्कळ वर्षं चिडले होते, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा तुम्ही ते नाव मला न विचारता दिलंत. आज मी मागतेय. मोठ्यानं द्या."

मी तिथं बसून ते ऐकलं. माझ्या आईनं अडलेली बाळंतीण सोडवलेली मला माहीत होतं, दंगा करणाऱ्या पेशंटला एका शब्दात निजवलेलं माहीत होतं. पण आपल्यालाच नको म्हणणाऱ्या माणसाला जेवू घालून, त्याच्याकडून आपलं नाव मागून घ्यायला काय ताकद लागते ते मला त्या चिंचेखाली कळलं. तसली ताकद माझ्यात नाही. सत्तरी ओलांडली तरी मी माणसांवर धरलेले राग मोजून सांगू शकते.

सुट्टी संपल्यावर पुन्हा रांग. या वेळी आबा सर्वांत पुढं उभे राहिले. पटका नीट केला. कारकुनानं मान वर न करता तोच प्रश्न विचारला. आबा इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या दोन टेबलांवरचं काम थांबलं.

"नकुसा. नकुसा धोंडिबा शिंदे. माझी तिसरी लेक. आता सुमती म्हंत्यात ती हीच. नाव म्याच ठिवलं, आन ते माझं चुकलं. त्ये बी लिवा त्यात."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं आधी आबांकडं पाहिलं, मग आईकडं. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी तिरकं बोलणार. पण तो म्हणाला, "आजोबा, ते लिहायला यात जागा नसते." आणि खुर्चीतून उठला, शाईचा पॅड घेऊन टेबलाला वळसा घालून आला, आबांचा अंगठा स्वतःच्या हातात धरून त्यानं कागदावर टेकवला, आणि मग आपल्याच रुमालानं पुसून दिला. सकाळच्या हसण्याचा त्या माणसावरचा सगळा राग मी सोडून दिला. आबा संध्याकाळच्या एसटीनं गेले. निघताना उंबऱ्यातून त्यांनी आईला हाक मारली, या वेळी नावानं, जुन्याच. आई आतून 'ओ' म्हणाली, नेहमी म्हणायची तसंच.

पासपोर्टात नोंद झाली. एजंटानं विचारलं, आता व्हिसा कुठल्या नावानं मागवू? दोन्ही चालतील. आई म्हणाली, सर्टिफिकेटावरच्या. त्यावरून घरी बाबांनी जेवताना बोलणं टाकलं. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, मी दिलेल्या नावात काय वाईट होतं? वीस वर्षांत कुठं दुखलं का तुला? आईनं त्यांच्या पानात पिठलं वाढलं. म्हणाली, कुठंही दुखलं नाही, उलट त्या नावाच्या आडोशाला मी निवांत राहिले. पण तिथं मी तुमच्याबरोबर जात नाहीये, माझ्या हातांबरोबर जातेय, आणि ते हात नकुसाकडून आलेत. सुमती घरीच राहील, तुमच्याकडं. बाबांनी पिठलं खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाले. म्हणजे बोलणं सुरू झालं.

व्हिसाचा कागद आला तो आख्खाच्या आख्खा अरबीत. एजंट म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, सोळा तारखेचं विमान धरा. बाबांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली धरला. मग जाहीर केलं की आपण न तपासलेल्या कागदावर आपली बायको समुद्रापलीकडं जाणार नाही. एजंटाच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. छापखान्यात तीस वर्षं बाईंडिंग केलेले इब्राहिमभाई तेव्हा निवृत्त होऊन विश्रांतवाडीला मुलाकडं राहत होते. लहानपणी मशिदीत अरबी शिकले होते, उर्दूही चांगली. रविवारी आम्ही तिघं बसनं त्यांच्याकडं गेलो.

त्यांनी ओसरीत सतरंजी घातली, सुनेला चहा टाकायला सांगितला, नानकटाई पुढं ठेवली. मग बाबांनी छापखान्यातल्या जुन्या पद्धतीनं काम लावलं. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून तपासायचं. इब्राहिमभाई उजवीकडून डावीकडं वाचू लागले, बाबा आमचा इंग्रजी फॉर्म नि नेमणुकीचं पत्र डोळ्यांशी धरून हूं, हूं म्हणू लागले. हॉस्पिटलचं नाव, हुद्दा, मुदत, पासपोर्टाचा नंबर, सगळं जुळलं. शेवटी नाव आलं. इब्राहिमभाईंनी एकेक अक्षर सुटं केलं. नून, अलिफ, काफ, वाव, सीन, अलिफ.

"नाकूसा," ते म्हणाले.

बाबांनी हात वर केला. न ऱ्हस्व आहे, म्हणाले, 'ना' नव्हे. आणि 'कु'चा उकार पहिला. तीन अक्षरांत दोन चुका. हा कागद परत गेला पाहिजे. इब्राहिमभाईंनी समजावलं की परक्या नावांना त्या लिपीत असंच लिहितात, तिकडची माणसं बोलतीलही असंच. बाबा ऐकेनात. परत पाठवला तर सोळा तारीख जाईल आणि नोकरीही जाईल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चूक दिसली आणि सोडून दिली असं त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं. त्यांनी लाल पेनसुद्धा काढलं होतं. अरबी कागदावर ते काय करणार होते देव जाणे!

वाद मिटावा म्हणून इब्राहिमभाई आईकडं वळले. म्हणाले, "वहिनी, उर्दूत नाकूस म्हणजे शंख. त्याचा काफ निराळा असतो, पण ऐकायला हेच. चांगला अर्थ आहे, तसाच राहू द्या."

आई इतका वेळ बशी हातात धरून बसली होती. तिनं ती खाली ठेवली.

"अर्थ नको, भाईसाहेब," ती म्हणाली. "जन्मभर मी या नावाचा अर्थच ऐकत आलेय. तिथं कुणालाच तो कळायचा नाही. तिथं हे नुसतं माझं नाव असेल."

बाबांनी तो कागद उचलून पुन्हा डोळ्यांजवळ नेला. त्यातलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, तरी ते उजवीकडून डावीकडं, सावकाश, शेवटपर्यंत बघत गेले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मग चूक नाही," ते म्हणाले.